परवान्याची खिडकी

"ते भांडं घेऊन माझ्या उंबऱ्यावर चढू नकोस, नेडीन!"

दुसऱ्याच पायरीवर नेडीनचं पाऊल थबकलं. तिच्या दोन्ही हातांत फडक्यात गुंडाळलेलं, अजून वाफाळणारं कोंबडी-भाताचं भांडं होतं... एमरीला मातीआड करून त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. त्या अकरा दिवसांत अर्ध्या गावानं व्हर्लीनच्या दारात जेवण आणून ठेवलं होतं, आणि तिनं ते एका शब्दानंही न बोलता घेतलंही होतं. पण आज दारात उभी होती तिची सख्खी धाकटी बहीण!

"लीनी, दोन घास तरी खा गं... तू काहीच खात नाहीस म्हणे..."

"पोलिसांना काय सांगितलंस ते आधी मला सांग. माझ्या एमरीनं पिस्तूल ओढलं? कोल्बीच्या कमरेचं पिस्तूल माझ्या पोरानं ओढलं?"

"जे... जे झालं, तेच सांगितलं."

"माझ्या डोळ्यांत बघून सांग!"

नेडीनची मान वर झाली नाही. व्हर्लीन पायऱ्या उतरून खाली आली आणि तिनं ते भांडं हातात घेतलं. क्षणभर नेडीनच्या चेहऱ्यावर आशा उजळली... आणि दुसऱ्याच क्षणी व्हर्लीननं ते भांडं अंगणातल्या धुळीत उपडं केलं.

"आजपासून मला बहीण नाही," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, आणि तो हळू आवाजच नेडीनला अधिक भयानक वाटला. "आणि एक ध्यानात ठेव. तुला मी वाढवलंय. तुझं कुठलं हाड कुठे दुखतं ते मला नेमकं ठाऊक आहे. घाव तिथंच घालीन!"

खरोखरच, वाढवलं होतं तिनं नेडीनला! आई गेली तेव्हा व्हर्लीन होती एकोणीस वर्षांची आणि नेडीन आठ. अलाबामातल्याच बर्मिंगहॅमच्या नर्सिंग कॉलेजात व्हर्लीनला जागा मिळाली होती, बॅगसुद्धा भरून झाली होती. ती बॅग तिनं तशीच उपसली, कपडे पुन्हा कपाटात लावले आणि काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, म्हणजे शेरीफच्या, कचेरीत टायपिस्टची नोकरी धरली. नेडीनच्या वेण्या, नेडीनच्या गोवराच्या तापातली जागरणं, चर्चमधल्या नाटकात देवदूत झालेल्या नेडीनचे पुठ्ठ्याचे पंख... सारं सारं तिच्या हातचं. लग्नही तिनं तिशीपर्यंत लांबवलं, आणि तो सज्जन नवराही एमरी चार वर्षांचा असताना देवाघरी गेला. आईचं घर व्हर्लीनच्या नावावर होतं. पण नेडीनचा नवरा पोटुशी बायको टाकून टेक्सासला पळाला, तेव्हा तिनं किल्ली बहिणीच्या ओंजळीत ठेवली होती. "हे घर तुझं," एवढंच ती म्हणाली होती. कागद करायचं कुणाच्या मनातही आलं नाही. बहिणी-बहिणींत कसले आलेत कागद!

एमरी आणि कोल्बी, दोघी बहिणींचे हे दोन एकुलते एक मुलगे, एकाच अंगणात वाढले. एमरी तीन वर्षांनी मोठा. पुढे तो लाईनमन झाला. वादळ झालं की सारं गाव घरात दडून बसे, आणि हा खांबावर चढलेला असे! कोल्बी मात्र कुठं टिकला नाही. मनानं वाईट नव्हता, पण दोन घोट पोटात गेले की त्याचा हात त्याच्या ताब्यात राहत नसे.

आणि नेमकं हेच व्हर्लीनला कागदावर लिहावं लागलं होतं.

कचेरीत तिच्याकडे परवान्याची खिडकी होती. कोटाच्या आत, कमरेला पिस्तूल लपवून बाळगायचं असेल त्यानं त्या खिडकीशी यायचं, अर्ज भरायचा आणि शेरीफची सही होईपर्यंत थांबायचं. सही शेरीफची पण डोळे मिस व्हर्लीनचे, असं सारी काउंटी म्हणायची; नवरा असो-नसो, तिकडं आदरानं 'मिस'च म्हणत. कुणाचा हात बायकोवर उठतो, कुणाला हल्ली जीव नकोसा झालाय, हे अर्जात कुठंच नसे, पण तिला ठाऊक असे. ती अर्जाला एक पिवळी चिठ्ठी टाचून आत पाठवायची. त्या खिडकीवरच्या सव्वीस वर्षांत शेरीफ तीन बदलले, पण ती चिठ्ठी वाचल्याशिवाय एकानंही सही केली नाही.

कोल्बीचा अर्ज आला तेव्हा तिचा हात अडला होता. तरीही तिनं लिहिलं: "हा माझा सख्खा भाचा. प्याला की भान राहत नाही. मित्राच्या गाडीची काच यानं मुठीनं फोडली, तक्रार मागे घेतली गेली. देऊ नये."

त्याच दिवशी संध्याकाळी नेडीन तणतणत आली होती. "परक्यांना वाटतेस परवाने आणि घरच्याला नाही? माझा कोल्बी काय गुन्हेगार आहे?"

"तो गुन्हेगार होऊ नये म्हणूनच नाही म्हटलं, वेडे!"

"आईची जागा घेतलीस म्हणून देवाचीही घ्यायला निघालीस का?"

ते शब्द व्हर्लीनला लागले. पण तिनं ते गिळले, आजवर बहिणीचं सगळंच गिळलं होतं तसे.

आणि मग कायदाच बदलला. एकामागून एक राज्यं तो कायदा करत सुटली होती. मिसिसिपीनं केला, टेनेसीनं केला, जॉर्जियानं केला, मग अलाबामा कशाला मागं राहतंय! शेरीफ मंडळींनी राजधानीत, माँटगोमेरीला जाऊन विरोध करून पाहिला, पण कुणी ऐकलं नाही. एक जानेवारीपासून पिस्तूल लपवून बाळगायला कुणाचाही परवाना लागेनासा झाला. हवा असेल त्यानं घ्यावा, नको असेल त्यानं घेऊ नये. ज्या खिडकीपुढं रांग दारापर्यंत जायची, तिथं आता दिवसाकाठी दोन-तीन म्हातारे येऊ लागले, तेही बहुधा जुन्या सवयीनं आणि मिस व्हर्लीनशी दोन गोष्टी बोलायला.

पहिल्याच आठवड्यात कोल्बी आला. खिडकीपुढं उभं राहून त्यानं जाकिटाची एक बाजू उघडली.

"मावशी, ओळख बघू हे काय आहे?" तो हसत म्हणाला. "आता तुझी चिठ्ठी नको, साहेबाची सही नको. सरकारच म्हणालं, कोल्बी मोठा झाला!"

मागे बाकावर बसलेले दोघेतिघे खदखदून हसले.

"सरकारनं तुला मोठं नाही केलं, बाळा," व्हर्लीन म्हणाली. "मला फक्त लहान केलं."

सप्टेंबरात येणाऱ्या अमेरिकी कामगार दिनाच्या सुट्टीला नेडीननं सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. मागच्या अंगणात मोठ्या कढईत मासे तळले जात होते, शेजारपाजारची पोरं धावत होती. बर्फ संपला म्हणून व्हर्लीन गाडी घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दहा मिनिटं... अवघी दहा मिनिटं! परतली तेव्हा एमरी गवतावर उताणा पडला होता, त्याचे डोळे उघडे होते आणि त्यांत कुणीच नव्हतं. तिला किंकाळीही फुटली नाही. बर्फाच्या दोन्ही पिशव्या हातात धरून ती तशीच उभी राहिली आणि बर्फाचं पाणी तिच्या चपलांवर ठिबकत राहिलं.

प्रत्यक्ष पाहणारं मोठं माणूस एकटी नेडीन; पाहुणे अजून यायचे होते, आणि बार ऐकून पळालेल्या पोरांना कुणी विचारलंच नाही. चौकशीला आलेल्या शेरीफच्या माणसाला, डेप्युटीला, तिनं सांगितलं की एमरीनं चेष्टेत कोल्बीच्या कमरेचं पिस्तूल ओढलं, झटापट झाली आणि बार उडाला. सरकारी वकिलानं 'अपघात' लिहून फाईल मिटवली. विनापरवाना पिस्तूल बाळगण्याबद्दल विचारण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

पुरण्याच्या दिवशी त्या भागाचे आमदारही पुष्पचक्र घेऊन आले होते. त्यांनी व्हर्लीनचा हात हातात घेतला. "फार मोठं दुःख, मॅडम. आम्ही सारे आपल्यासाठी प्रार्थना करतोय."

"याच हातानं मत दिलंत ना हो त्या कायद्याला?" तिनं विचारलं. "मग सोडा माझा हात."

पण आमदाराचा राग सोसता येत होता. सोसवत नव्हतं ते गावाचं कुजबुजणं! वाणसामानाच्या दुकानात, चर्चच्या बाकावर, एमरीबरोबर खांबांवर चढणाऱ्या पोरांतसुद्धा... 'बिचारा! पण त्यानं ओढायला नको होतं.' जन्मभर दुसऱ्याच्या घरात उजेड आणणारं तिचं लेकरू स्वतःच्या मरणाचं अपराधी ठरलं होतं. आणि तिला आईच्या काळजानं पुरतं ठाऊक होतं की एमरी पिस्तुलाशी चेष्टा करणारा नव्हता. नेडीन खोटं बोलली होती! जिला घास भरवला तिनंच मेलेल्याच्या तोंडाला काळं फासलं होतं!

सूड... तो शब्द व्हर्लीनच्या अंतःकरणात प्रथम निखाऱ्यासारखा पडला, आणि मग तीच त्याला वारा घालत बसली.

पहिला घाव तिनं स्वतःच्या टाईपरायटरनं घातला. घर तीस दिवसांत रिकामं करण्याची नोटीस. तरुण डेप्युटी तो कागद घेऊन चुळबुळत उभा राहिला.

"मिस व्हर्लीन, अहो, ही तुमची बहीण ना?"

"पत्ता बरोबर आहे का बघ."

"पत्ता बरोबर आहे, पण..."

"मग नीघ."

त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी ती पोटभर जेवली.

दुसरा घाव घालायला तिला काहीच खटपट पडली नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात एका टेबलावर चाकू, गळ, हातोड्या आणि पिस्तुलं मांडून एक म्हातारा बसला होता. तिनं एक छोटंसं उचललं. म्हाताऱ्यानं तिचं नाव विचारलं नाही, कशाला हवं विचारलं नाही. "तुमच्या पर्सला शोभेल बघा," एवढंच तो म्हणाला. तीन मिनिटांत ती गाडीत येऊन बसली होती. आपल्या खिडकीशी अशी बाई आली असती, मुलगा मेलेली, न जेवणारी, न रडणारी, तर आपण चिठ्ठीत काय लिहिलं असतं हा विचार तिच्या मनात डोकावला... आणि तिनं गाडी सुरू केली.

मग ते पिस्तूल तिच्याबरोबर सगळीकडे जाऊ लागलं. चर्चमध्ये प्रवचन चालू असताना ते तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये असे. दोन बाकं सोडून पुढं नेडीनची वाकलेली मान आणि तिच्या शेजारी कोल्बीची मान दिसे. व्हर्लीन त्या मानेकडे टक लावून बघत राही. पण तिला घाई नव्हती. नेडीनच्या डोळ्यांदेखत व्हायला हवं होतं ते! दहा मिनिटांत पोटचा गोळा गवतावर पडलेला दिसला म्हणजे काय होतं, ते नेडीनलाही कळायला हवं होतं!

तिसाव्या दिवशी भर दुपारी ती आईच्या घरी गेली.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात कोल्बी एकटाच जमिनीवर बसून वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत होता. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. तिला पाहून तो उठला नाही, दचकलाही नाही.

"आई चर्चमधून खोकी आणायला गेलीय, मावशी. येईल एवढ्यात."

"थांबते मी," व्हर्लीन म्हणाली आणि तिनं पर्स उघडली.

त्यानं पिस्तूल पाहिलं. हातातली बशी जपून खोक्यात ठेवली. मग तो म्हणाला, "आईची वाट नको बघूस. तिच्यासमोर नको. आत्ताच मार."

"तोंड वर करून बोलू नकोस!"

"खरंच सांगतो, मार. मला स्वतःला जमलं नाही गं... दोनदा कानाशी धरलं, जमलं नाही. एमरीनं काही ओढलं नव्हतं, मावशी. मी प्यालो होतो. पोरांना दाखवायला मी ते बाहेर काढलं आणि गरगर फिरवत होतो. एमरी पुढं आला, हात पुढं केला, असा, उघडा तळहात... 'दे बघू इकडे, पोरं आहेत' म्हणाला. पोरांसमोर सांगतो म्हणून मला राग आला. घाबरवावं म्हणून मी रोखलं... फक्त घाबरवावं म्हणून... आणि..."

सत्य! दोन महिने ज्याच्यासाठी व्हर्लीन तळमळत होती ते सत्य समोर पडलं होतं, आणि त्यानं आग विझली नाही, उलट भडकली!

तेवढ्यात दारात खोकी पडल्याचा आवाज झाला. नेडीन धावत आली आणि सरळ त्या नळीपुढं उभी राहिली, इतकी जवळ की पिस्तूल तिच्या छातीला टेकलं.

"मला मार, लीनी! खोटं मी बोलले. त्याच्या तोंडात ते शब्द मी घातले."

"बाजूला हो!"

"नाही होणार."

"माझ्या पोराला दोषी केलंस गं, नेडीन! मेलेल्याला! का? सांग, का?"

नेडीनचे ओठ हलले. काहीतरी अगदी जिभेवर आलं होतं... आणि तिनं ते परत गिळलं. "मी आई आहे," एवढंच ती म्हणाली. "एवढंच कारण आहे. मार."

व्हर्लीनचं बोट चापावर होतं. समोर बहिणीचा चेहरा होता, घामानं डबडबलेला, गोवराच्या तापात असायचा अगदी तसाच... ज्या चेहऱ्यावर तिनं रात्र रात्र ओली फडकी ठेवली होती. बोट वळेना! तिनं स्वतःला शिव्या घातल्या, एमरीचं नाव घेतलं, तरी वळेना. आणि मग तिला कळलं की गोळी हा फारच स्वस्त सूड आहे.

"मी नाही मारणार," ती म्हणाली. तिचा आवाज दगडासारखा होता. "आत्ता माझ्या गाडीत बसायचं. कचेरीत यायचं. जे खोटं तू तुझ्या तोंडानं सांगितलंस, ते तुझ्याच तोंडानं पुसायचं. तुझ्या पोराला तू स्वतःच्या हातानं तुरुंगात घाल, नेडीन. मग आपण सारख्या होऊ."

"लीनी, नको गं... तो एकटाच आहे मला..."

"मलाही एकटाच होता!"

नेडीन मटकन खाली बसली. उठला तो कोल्बी. त्यानं आईच्या काखेत हात घालून तिला उभं केलं. "चल, आई. मला जाऊ दे. खरंच, मला जायचंच आहे."

कचेरीत दोघांचे जबाब व्हायला दुपार सरली. सगळं झाल्यावर व्हर्लीननं पर्समधलं पिस्तूल काढून शेरीफच्या टेबलावर ठेवलं. "हे घेऊन मी भाच्याला मारायला गेले होते."

शेरीफनं ते हळूच बाजूला सरकवलं. "मिस व्हर्लीन, ते पर्समध्ये ठेवणं आता गुन्हा नाही. आणि त्या दोघांपैकी कुणी तुमच्याबद्दल चकार शब्द काढलेला नाही."

"गुन्हा नाही, माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच सांगतेय. माझ्यासारखीला कुणी तरी 'नाही' म्हणायला हवं होतं, साहेब."

आठवड्याभरानं तिनं राजीनामा दिला. त्या खिडकीशी तिला बसवेना.

न्यायाधीशांनी शिक्षेआधी तिला बोलायला सांगितलं, तेव्हा तिच्या हातात कागद नव्हता. "या मुलाला मी नाही म्हटलं होतं. माझं नाही म्हणणं एका पिवळ्या चिठ्ठीएवढं होतं, आणि मोठमोठ्या माणसांनी तेही फाडून टाकलं. त्यांना तुम्ही शिक्षा देऊ शकत नाही. याला देऊ शकता. जास्तीत जास्त द्या!" कोल्बीला बारा वर्षांची कैद झाली. खोट्या जबाबाबद्दल नेडीनला समज देऊन सोडण्यात आलं. निकाल ऐकताना व्हर्लीन बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत होती. ज्या वेदनेची तिनं इतके महिने वाट पाहिली होती ती तिथं काठोकाठ भरलेली होती... आणि ती पिऊनही तिची तहान भागली नाही.

नेडीन आता चर्चमागच्या एका खोलीत राहत होती. रिकाम्या घराला व्हर्लीननं कुलूप घातलं होतं, आणि तिकडं ती फिरकतही नव्हती.

असाच एक वर्षभराचा काळ गेला. एका शनिवारी सकाळी व्हर्लीन महामार्गानं चालली होती, तेव्हा कडेला एक जुनी गाडी बंद पडलेली दिसली. शेजारी नेडीन उभी होती, हातात कपड्यांची पिशवी. शनिवार म्हणजे तुरुंगात भेटीचा दिवस. व्हर्लीननं मान वळवली नाही. ती पुढं निघून गेली. मैलभर गेल्यावर तिनं स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली आणि गाडी वळवली.

"बस. आणि तोंडातून शब्द काढलास तर इथंच उतरवीन."

नेडीन बसली. तुरुंग नव्वद मैलांवर होता. नेडीन आत जाऊन येईपर्यंत व्हर्लीन आवारातल्या उन्हात गाडीतच बसून राहिली.

त्यानंतर दर दुसऱ्या शनिवारी ती नेडीनला नेऊ लागली. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. कधी वाटे, बहिणीची ती कुंपणापलीकडची फरपट आपल्याला डोळ्यांनी बघायची आहे. पण ते खरं नव्हतं. तिच्या मनात एकच प्रश्न दिवसरात्र ठसठसत होता, आणि त्याचं उत्तर त्या कुंपणाच्या आत होतं.

शेवटी तिनं भेटीच्या यादीत आपलं नाव घालायला लावलं. भेटीच्या खोलीत नेडीनबरोबर तिला पाहताच कोल्बी ताडकन उभा राहिला. तो रोडावला होता आणि हात पोटाशी गच्च धरून होता.

"खाली बस," व्हर्लीन म्हणाली. "माफी द्यायला नाही आले मी. मी बर्फ आणायला गेले होते. दहा मिनिटं. डॉक्टर म्हणाले, तो लगेच गेला नसणार. त्या वेळात... काही बोलला का रे तो?"

कोल्बीनं आईकडं पाहिलं. नेडीन एकदम कळवळून म्हणाली, "नको, कोल्बी! मी शपथ घातलीय तुला!"

"कसली शपथ?" व्हर्लीनचा आवाज चढला. पहारेकऱ्यानं वळून पाहिलं. "बोल!"

कोल्बीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आई दुसऱ्या बाजूला होती. तो म्हणाला... 'मी ओढलं म्हण.' मी नाही नाही म्हणत होतो. तर म्हणाला, 'गाढवा, तू तुरुंगात टिकणार नाहीस. मी ओढलं म्हण. मावशी, तूपण तसंच सांग.' आईकडून त्यानं वचन घेतलं. मग तुझं नाव घेतलं... आणि मग नाही बोलला."

व्हर्लीननं टेबलाची कड धरली.

"वकिलाला सांगितलंस हे? कोर्टात?"

"त्यानं विचारलं होतं, मरताना काही बोलला का म्हणून. मी नाही म्हटलं. ते एमरीचं होतं, मावशी. माझी वर्षं कमी करायला कसं वापरू?"

व्हर्लीन बहिणीकडं वळली. "पिस्तूल तुझ्या छातीला लावलं होतं मी! तेव्हासुद्धा तोंड उघडलं नाहीस?"

"काय सांगणार होते?" नेडीन खाली बघतच म्हणाली. "तुझा सगळा राग त्याच्यावर गेला असता, लीनी. आईला न विचारता असं वचन घेऊन गेला म्हणून. मेलेल्या पोरावर रागावलेली आई... मला नसतं गं बघवलं ते. म्हटलं, माझ्यावरच राहू दे राग. मी जिवंत आहे. मला पेलेल."

परतीच्या वाटेवर व्हर्लीन नव्वद मैल धुमसत होती. एमरीवर रागावली, अगदी नेडीन म्हणाली होती तशीच! कुणी अधिकार दिला होता रे तुला, स्वतःच्या नावावर डाग ओढून घ्यायचा? आणि मग त्या रागाच्या तळाशी तिला तो दिसला, जसा होता तसा, प्रत्येक वादळात खांबावर चढणारा... गाडी तिनं नेडीनच्या खोलीशी न नेता आपल्याच दारात आणून उभी केली.

"हे... हे माझं ठिकाण नाही," नेडीन म्हणाली.

"उतर. एमरीची खोली आहे. तो गेल्यापासून मी ती उघडली नाहीये, धूळ असेल."

"लीनी! त्या खोलीत मी? नाही गं..."

"माफ केलं असं समजू नकोस. अजून नाही केलं, कदाचित होणारही नाही. पण लांबून लांबून राग करून थकले मी. समोर राहा, म्हणजे भांडता तरी येईल." तिनं गाडीची किल्ली काढली. "आणि त्याचा शेवट तू पाहिलायस, नेडीन. मी नाही. तो सगळा मला सांग. एक शब्द गाळू नकोस."

नेडीननं गाडीचं दार उघडलं. दोघी घरात शिरल्या. पलंगावरची धुळीनं भरलेली चादर दोघींनी दोन टोकांना धरून झटकली. आणि चादर हातात तशीच असताना, मुलगा गेल्यापासून पहिल्यांदा, व्हर्लीन हंबरडा फोडून रडली. नेडीननं तिला खाली पडू दिलं नाही.